भाचीच्या आयसीयूबद्दल

प्रिय विनू,

‘आयसीयूत हलवलं, म्हणजे आता संपलं का गं?’ तुझ्या पत्रातल्या या एका ओळीला उत्तर द्यायला मला दोन दिवस लागले.

संपलेलं नाही. पण गोड बोलून तुला फसवणारही नाही. वेगवेगळ्या देशांतले अभ्यास एकत्र मांडले, तर आयसीयूत आलेल्या कॅन्सरच्या मुलांपैकी साधारण चारातलं एक दगावतं. हा आकडा सरसकट आहे रे. सेप्सिसमधून (जंतुसंसर्गाने शरीराचेच अवयव बिघडू लागणं) दोन दिवसांत सावरणारं मूलही त्यात आलं आणि तीन-तीन अवयव निकामी झालेलंही. तुझी भाची स्वतःचा श्वास स्वतः घेतेय, लघवी होतेय, रक्तदाब टिकवायला एकच औषध चालू आहे. किती अवयवांनी संप पुकारलाय, हे आम्ही सगळ्यात आधी बघतो.

केमोनंतर न्यूट्रोफिल्स, म्हणजे रक्तातल्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशी, 500 च्या खाली गेल्या की जंतूंशी लढायला कुणी उरतच नाही. पू धरत नाही, सूज नीट दिसत नाही, बऱ्याचदा नुसता ताप. म्हणून रिपोर्टची वाट न बघता पहिल्या तासात शिरेतून अँटिबायोटिक जायला हवं.

मी शिकाऊ असतानाची एक रात्र सांगते. सात वर्षांचा मुलगा, ताप आलेला, प्रेशर नॉर्मल. आई म्हणाली, ‘हा एवढा गप्प कधीच नसतो.’ मी त्याच्या छातीवर अंगठा दाबून सोडला. पांढरा ठसा दोन सेकंदांत भरून यायला हवा, त्याला पाच लागले. नाडी 160. तापामुळे असेल असं मीच मला समजावलं आणि सिनिअरांना उठवायला तासभर लावला. मुलांचं हेच फसवं असतं. हृदय धावून धावून प्रेशर सावरून धरतं, मग एकदम कोसळतं. तो वाचला, पण अठरा दिवस व्हेंटिलेटरवर काढून.

आता वॉर्डातली नर्स नाडी, श्वास, रंग, वागणं यांना ठरावीक वेळाने गुण देते. बेरीज वाढली की डॉक्टरला बोलवायचंच, मग रात्रीचे तीन का वाजलेले असेनात. याला पेव्ज म्हणतात. ग्वाटेमालातल्या मुलांच्या कॅन्सर हॉस्पिटलात साधनं बेताचीच, तरी हा तक्ता आल्यावर मुलं अचानक बिघडण्याचे प्रसंग कमी झाले. खर्च कागदाचा, आणि नर्सचं ऐकून घेण्याचा. (दुसरा काही जणांना फार जड जातो!)

तेव्हा ताईला सांग, ‘आज ही वेगळीच वाटतेय’ असं वाटलं तर संकोच नको, दहादा बोल. डॉक्टरांना ‘वाचेल का’ विचारू नका, त्याला कुणी सरळ उत्तर देणार नाही. ‘कालपेक्षा आज औषधांचा, मशीनचा आधार जास्त लागतोय की कमी?’ असं विचारा.

बाहेर आली की पाय लटपटतील, रात्री दचकून उठेल, पुढची केमो थोडी लांबेल. हे बहुतेकांचं होतं.

रविवारी रात्री फोन कर, रिपोर्ट हाताशी ठेव. लॅक्टेटचा कागद आधी वाचून दाखव, अवयवांना रक्त पुरतंय का याचा अंदाज त्यावरून येतो.

तुझी,
शुभा