पाच ठिकाणी पुढे, तरी पडले

देवपूर, धुळे
17 ऑगस्ट 2025

प्रिय विलास,

काय चाली रायनं भाऊ? तुझा निरोप मिळाला. पुण्यात बसून एका ओळीत विचारतोस, "पाच ठिकाणी पुढे असलेला माणूस पडतो कसा रे?" फोनवर सांगायला घेतलं असतं तर दुसऱ्या वाक्याला तू मुद्दा हिसकावून घेतला असतास, म्हणून कागद काढला. आता निवृत्त झालोय, इलेक्शन ड्युटी नाही की आचारसंहितेचा धाक नाही. मोकळेपणी लिहितो.

आधी आकडे घे. 2024 च्या धुळे लोकसभेला काँग्रेसच्या शोभाताई बच्छावांना 5,83,866 मतं आणि भाजपच्या डॉ. सुभाष भामरेंना 5,80,035. फरक 3,831 चा. अकरा लाखांच्या वर मतं या दोघांत वाटली गेली आणि निकाल लागला एखाद्या मोठ्या गावाच्या मतांवर. धुळे शहर, धुळे ग्रामीण, शिंदखेडा, बागलाण, मालेगाव बाह्य या पाचही विधानसभा क्षेत्रांत भामरे पुढे. सहाव्या मालेगाव मध्यमध्ये ताईंना 1,98,869 आणि डॉक्टरांना 4,542. संपलं.

निकालाच्या दुसऱ्या दिवशी टपरीवर हाच विषय. फागण्याकडचे एक बाबा कापसाच्या काटापट्टीच्या मागे पेनाने हिशोब मांडत बसले होते. चहा गार झाला तरी मान वर नाही. बाकी सगळे "मालेगावने पाडलं, मालेगावने पाडलं" म्हणून ओरडत होते. बाबांनी चिठ्ठी फिरवून माझ्यापुढे धरली आणि म्हणाले, "मास्तर, मागच्या बारीलेबी मालेगाव तठेच व्हतं ना?"

विलास, खरी मेख इथेच आहे. 2019 लाही मालेगाव मध्य डॉक्टरांच्या विरोधातच गेलं होतं. तरी काँग्रेसच्या कुणाल पाटलांवर ते 2,29,243 मतांनी निवडून आले. म्हणजे बाकीच्या पाच ठिकाणांनी मिळून सव्वादोन लाखांच्या वरच लीड दिलं असणार, नाहीतर बेरीज जुळत नाही. 2024 ला याच पाच ठिकाणांनी, टपाली मतं धरून, साधारण 1,90,500 चं लीड दिलं. अडतीस हजारांच्या वर मतांची गळती आपल्याच घरात झाली. त्यातली दोन हजार मतं जरी इकडची तिकडे झाली नसती तरी डॉक्टर आज दिल्लीत असते. पण आपल्याकडे बोट दाखवायला मालेगाव फार सोयीचं पडतं.

गळती का झाली हे बागलाणातल्या कोणत्याही कांदा-चाळीसमोर उभं राहून विचार. डिसेंबर 2023 मध्ये कांद्याची निर्यात बंद केली आणि उठवली 4 मे 2024 ला, तीही चाळीस टक्के शुल्क लावून. आपलं मतदान 20 मेला. सोळा दिवसांत कोण विसरतो? शिंदखेड्याकडे कापसाचं रडगाणं. दोन वर्षांपूर्वी दहा हजारांच्या वर भाव पाहिलेला माणूस सात हजाराला कापूस घालताना काय मनात ठेवून घालत असेल ते तुला मी सांगायला नको. हे लोक ताईंवर भाळले असंही नाही. ताई नाशिकच्या, तिथल्या माजी महापौर. उमेदवारी जाहीर झाली तेव्हा इथल्या काँग्रेसवाल्यांनीच बाहेरचा उमेदवार म्हणून आरडाओरडा केला होता.

मालेगावचीही दुसरी बाजू आहे. 2019 ला वंचितचा उमेदवार रिंगणात होता. 2024 ला वंचितने माजी आयपीएस अब्दुर रहमान यांना उभं केलं, तर त्यांचा अर्ज छाननीतच बाद झाला. एमआयएमने उमेदवार दिलाच नाही. मग यंत्रमागावर काम करणाऱ्या माणसापुढे एकच बटण उरलं. आणि गंमत बघ, सहा महिन्यांनी विधानसभेला त्याच मालेगाव मध्यमध्ये काँग्रेस पहिल्या दोघांतही नव्हती. एमआयएमचे मुफ्ती इस्माईल आसिफ शेखांवर 162 मतांनी निवडून आले. मे महिन्यातलं जवळजवळ दोन लाखांचं दान कुणा पक्षाच्या खात्यावर कायमचं जमा झालं नव्हतं, हे यातून कळतं. बाकीच्या पाचही जागा महायुतीने घेतल्या. कुणाल पाटील धुळे ग्रामीणमध्ये पडले आणि गेल्या महिन्यात थेट भाजपमध्ये गेले. तू म्हणशील, आता यात लिहिण्यासारखं काय उरलं! खरंय.

पण तुझा प्रश्न मला जरा मागे घेऊन गेला. आपला मतदारसंघ मुळात आपला कधी होता रे?

1957 ला, संयुक्त महाराष्ट्राची हवा होती तेव्हा, धुळ्याने जनसंघाचे उत्तमराव पाटील लोकसभेत पाठवले. अख्ख्या देशात जनसंघाचे तेव्हा चार खासदार. एक बलरामपूरहून आलेले अटलबिहारी वाजपेयी आणि एक आपल्या धुळ्याचे. "धुळं पहिल्यापासून काँग्रेसचं" म्हणणाऱ्या काकांना हे एकदा ऐकवून बघ, विषय बदलतात. त्यानंतर मात्र चुडामण पाटलांनी 1962 पासून सलग तीनदा काँग्रेसकडून जागा राखली.

1980 पासून जागा अनुसूचित जमातींसाठी राखीव झाली. रेश्मा मोतीराम भोये तीनदा गेले. आपण शाळेत होतो तेव्हाचे खासदार तेच, आठवतं? मग 1991 पासून जो झोका सुरू झाला तो बघण्यासारखा आहे. 1991 ला काँग्रेसचे बापू चौरे, 1996 ला भाजपचे साहेबराव बागूल, 1998 ला काँग्रेसचे डी. एस. अहिरे, 1999 ला भाजपचे रामदास गावित, 2004 ला पुन्हा बापू चौरे. दर निवडणुकीला पाटी बदलायची. त्या काळात माझी ड्युटी साक्री तालुक्यात लागायची. मतपत्रिका, फुलीचा शिक्का, शाईने बरबटलेला अंगठा आणि शेवटी लाखेच्या वासाची ती पत्र्याची पेटी. मोजणीच्या वेळी निरनिराळ्या गावच्या मतपत्रिका ड्रममध्ये कालवायचे, म्हणजे कोणत्या गावाने काय केलं हे कळू नये. आता यंत्र आलं आणि बूथनिहाय कागद दुसऱ्याच दिवशी कार्यकर्त्याच्या मोबाईलवर. मग "तुमच्या गल्लीने आम्हाला मतं दिली नाहीत" म्हणून गटारीचं काम अडतं. मला विचारशील तर ड्रम बरा होता.

2008 ला पुनर्रचना झाली आणि खरी मोडतोड तेव्हा झाली. जुना मालेगाव मतदारसंघ गेला. आपल्या जिल्ह्यातले साक्री आणि शिरपूर नंदुरबारकडे आणि नाशिक जिल्ह्यातले मालेगाव मध्य, मालेगाव बाह्य, बागलाण आपल्याकडे, अशी वाटणी झाली. जागा खुली झाली. नाव धुळे, पण सहापैकी तीन तुकडे नाशिक जिल्ह्यातले. कलेक्टर वेगळा, पालकमंत्री वेगळा, बाजार वेगळा. सटाण्याचा शेतकरी कामाला धुळ्याला कशाला येईल? त्याला नाशिक जवळचं.

या वाटणीचा पहिला फटका अमरीशभाई पटेलांना बसला. शिरपूर म्हणजे अमरीशभाई, हे खान्देशात शेंबडं पोरही सांगेल. 2009 ला ते काँग्रेसकडून धुळ्यात उभे राहिले आणि त्यांचं शिरपूर मतदान करत होतं नंदुरबारच्या उमेदवाराला! घरच्या हक्काच्या मतांपैकी एक मत त्यांच्या पेटीत पडणार नव्हतं. भाजपचे प्रताप सोनवणे जेमतेम वीसेक हजारांनी निवडून आले. त्या वेळी मालेगावचे निहाल अहमदही उभे होते. तिथली मतं त्यांच्याकडे वळली नसती तर काय झालं असतं याचा हिशोब टपरीवरच्या बाबांना द्यायला हवा. 2014 च्या लाटेत अमरीशभाई पुन्हा पडले, भामरेंकडून, 1,30,723 मतांनी. नंतर तेही भाजपमध्ये गेलेच.

म्हणून सांगतो, 2024 चा निकाल एका दिवसात लागलेला नाही. 2008 ला कोणीतरी नकाशावर रेघ ओढली तेव्हाच मालेगाव मध्यच्या हातात किल्ली गेली. नंतरच्या तीन निवडणुकांत ती कुलपाला बसली नाही, कारण कधी तिथली मतं फुटली आणि कधी बाकीच्यांनी भरभरून दिलं. भाजपवाल्यांनाही हे पाठ होतं, तरी पाच ठिकाणी ढिले राहिले.

रेल्वेचं विचारलं होतंस. मनमाड-इंदूरच्या नावावर आपल्या वडिलांनी मतं दिली, आपण दिली. फेब्रुवारी 2019 मध्ये पंतप्रधानांनी धुळ्यात येऊन धुळे-नरडाणा टप्प्याचं भूमिपूजन केलं आणि सप्टेंबर 2024 मध्ये, म्हणजे डॉक्टर पडल्यावर तीन महिन्यांनी, अख्ख्या 309 किलोमीटरला केंद्राची मंजुरी आली. 18,036 कोटी! डॉक्टरांचं नशीब म्हणायचं, दुसरं काय. 

आता जनगणना 2027 ला होणार म्हणतात. त्यानंतर पुन्हा पुनर्रचना, शिवाय महिलांसाठी एक तृतीयांश जागा. साक्री-शिरपूर इकडे येतील की आणखी काही जाईल, यावर टपरीवर आत्तापासून पैजा लागल्यात. मी साक्री इकडे येण्यावर एक शेवभाजीचं जेवण लावलंय.

तुझं नाव अजून आपल्या गल्लीच्या यादीत आहे, माहीत आहे ना? मतदार यादी बघणारा बीएलओ परवा विचारत होता, ठेवायचं की कापायचं. मी म्हटलं, दिवाळीला येणार आहे, त्यालाच विचार. कळव. वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद. तुझ्या आईच्या गुडघ्याचं काय झालं तेही लिही.

तुझा,
सुरेश