सूक्ष्मदर्शक कपाटाबाहेर यावेत

महोदय,

नेदरलँड्समधील डेल्फ्ट शहराचे कापडव्यापारी अँटनी व्हान लेव्हेनहूक यांनी विद्यापीठाची पायरीही चढली नव्हती. तरी स्वतः घासलेल्या एकाच भिंगातून पावसाच्या, विहिरीच्या आणि मिरे भिजवलेल्या पाण्यातले जीव न्याहाळून त्यांनी १६७६ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटी या विज्ञानसंस्थेला सविस्तर पत्र धाडले. त्यावर शंका घेतली गेली. पुढच्या वर्षी शास्त्रज्ञ रॉबर्ट हूक यांनी ते जीव सभासदांना प्रत्यक्ष दाखवले.

मराठवाड्यात विहिरी आणि बारवांची वाण नाही (पाण्याची आहे, ते वेगळे). आमच्या भागातील शाळांतले सूक्ष्मदर्शक मात्र तपासणीपुरतेच कपाटाबाहेर येतात. पावसाळ्यात बारवेतला एक थेंब काचपट्टीवर घेऊन, दिसेल त्याचे चित्र मुलांकडून तारखेसह काढून घ्यावे, अशी शिक्षकांना विनंती आहे.

— एक निवृत्त विज्ञान शिक्षक, परभणी