धावतो कोण, ते तरी पाहा

मा. संपादक,
स. न.

कालच्या रविवार पुरवणीतले ‘द काइट रनर’च्या मराठी अनुवादाचे परीक्षण वाचले. खालिद हुसैनींच्या २००३ सालच्या कादंबरीला उशिरा का होईना अर्धे पान मिळाले, याचा आनंद झाला. तो दुसऱ्या परिच्छेदापर्यंत टिकला. तिथे हसनला ‘पतंग उडवण्यात निष्णात’ करून टाकले आहे. अहो, उडवतो अमीर, काबूलच्या श्रीमंत घरातला मुलगा. हसन, त्याच्या घरच्या नोकराचा मुलगा, चक्री धरतो आणि कटलेला पतंग लुटायला धावतो. ‘रनर’ तो यासाठी. पुस्तकाचे निदान नाव तरी वाचायचे!

हे उगाच काढलेले खुसपट नव्हे. काबूलचा पेच दोघांनी लढवायचा असतो. एकाच्या बोटांत दोर, दुसऱ्याच्या हातात चक्री, म्हणजे आमच्या येवल्याची आसारी. ढील देताना ती सुळसुळत फिरली पाहिजे. क्षणभर अडली की दोर थांबतो, समोरचा मांजा त्याला एकाच जागी घासत राहतो आणि पतंग गुल. खेचताना सैल दोर भराभर गुंडाळला नाही, तर तो पायांत अडकतो. म्हणजे अमीरची निम्मी जीत हसनची.

मांजाही दोघांचाच. ५०० फूट दोर काचेच्या मिश्रणातून काढायचा, झाडांमध्ये ताणून वाळवायचा, दुसऱ्या दिवशी चक्रीवर घ्यायचा. पूड भरड राहिली तर आपलाच दोर कातरला जातो. खळ दाट झाली तर तो काडीसारखा ताठ होतो, ओलसर गुंडाळला तर थरावर थर चिकटतात. बोटे कापतात ती वेगळीच. परीक्षकांनी या सगळ्याची ‘निरागस खेळ’ अशी दोन शब्दांत बोळवण केली. आणि ‘संक्रांतीसारखा सण’ हे कुठून काढले? काबूलमध्ये कडाक्याच्या थंडीमुळे हिवाळ्यात शाळा बंद असतात, म्हणून पतंग हिवाळ्यात. तिळगुळाचा काही संबंध नाही.

खरा राग पुढचा आहे. १९७५च्या हिवाळ्यात गल्लीच्या तोंडाशी उभा राहून अमीर हसनवरचा अत्याचार बघतो आणि पळ काढतो, हाच म्हणे विश्वासघात. तो तर बारा वर्षांच्या पोराचा भेकडपणा. विश्वासघात नंतरचा, थंड डोक्याने केलेला: वाढदिवसाला मिळालेले घड्याळ आणि नोटा हसनच्या गादीखाली सरकवून ठेवणे. चोरीइतके मोठे पाप नाही असे मानणाऱ्या अमीरच्या बाबांसमोर चोरीचा आळ, आणि हसन तो एका शब्दात कबूल करतो! बाबा माफही करतात, तरी हसन आणि त्याचा बाप अली घर सोडतात. पुढे अमीरला आयुष्यभर टोचते त्यात हे घड्याळही आहे. अर्ध्या पानात त्याचा उल्लेख नाही. जागा कमी पडली म्हणावे, तर बाबांचे गुपित मात्र ऐसपैस फोडून ठेवले आहे. ज्यांनी पुस्तक वाचलेले नाही, त्यांनी आता ते कशाला विकत घ्यावे?

शेवटही सांगूनच टाकलाय, तेव्हा तोही बोलतो. ‘अमीर हसनच्या मुलासोबत पतंग उडवतो आणि कथा संपते.’ नाही संपत. कॅलिफोर्नियातल्या फ्रिमाँटच्या बागेत हिरवा पतंग कटतो, सोहराबच्या ओठांच्या कोपऱ्यात जेमतेम हसू दिसते, आणि तो पतंग आणायला अमीर धावतो. अमीर, मालकाचा मुलगा, नोकराच्या नातवासाठी. मधल्या सव्वीस वर्षांत हसनच्या जागी उभे राहायला त्याला जमलेले नव्हते. परीक्षकांनी नेमके तेच वाक्य गाळले.

जाता जाता: खाली प्रकाशकाचे नाव आहे, किंमत आहे, पृष्ठसंख्या आहे. अनुवादकाचे नाव नाही. ती मराठी काय आपोआप झाली? शिवाय मुखपृष्ठाऐवजी २००७च्या चित्रपटातले छायाचित्र छापले आहे. येत्या रविवारी अनुवादकाचे नाव तेवढे चौकटीत द्यावे, ही विनंती.

– एक वाचक, येवला