नम्रता कोणी कोणाला शिकवायची?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला नम्रतेवरचा लेख वाचला. लेखकाची तक्रार अशी की हल्लीची मुलं वडीलधाऱ्यांपुढे मान तुकवत नाहीत, आणि आधारासाठी त्यांनी बायबलातली वचनंही दिली आहेत. मी ख्रिस्ती आहे. माहेर अहमदनगरकडचं, लग्नानंतर सगळं आयुष्य बडोद्यात गेलं, नर्सची नोकरी करून निवृत्त झाले. लेखातली वचनं बरोबर आहेत. ती ज्यांना उद्देशून लिहिली आहेत ती माणसं मात्र लेखकाने बदलली.

बायबलातल्या याकोबाच्या पत्राचा तिसरा अध्याय घ्या. वरून येणारं ज्ञान शुद्ध, शांतिप्रिय, सौम्य आणि दुसऱ्याचं ऐकून घेणारं असतं, एवढा भाग सगळे हौसेने वाचून दाखवतात. पण अध्यायाची सुरुवातच शिकवणाऱ्यांची कानउघाडणी करून होते: तुमच्यातल्या पुष्कळांनी शिक्षक होऊ नये, कारण शिकवणाऱ्यांचा न्याय अधिक कडक होणार आहे. मग जिभेचा विषय, आणि त्यानंतर कुठे ज्ञानी माणसाच्या लीनतेची गोष्ट निघते. योहानाच्या शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात शिष्यांचे पाय धुतो तो प्रभू येशू. शिष्यांपैकी पेत्र तर 'माझे पाय तू धुवायचे नाहीस' म्हणून अडून बसला होता. त्याच पेत्राच्या पहिल्या पत्रात पुढे मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, वडीलधाऱ्यांना सांगितलं आहे की कळपावर धनीपणा करू नका. तरुणांनी वडीलधाऱ्यांच्या अधीन राहावं, हेही तिथेच आहे, ते मी लपवत नाही. पण ते नंतर येतं, आणि लगेच पुढे 'तुम्ही सगळेच एकमेकांशी नम्रतेने वागा' असंही येतं. लेखकाने मधलं तेवढं उचललं.

आमच्या मंडळीची वार्षिक सभा उपासनेनंतर तिथेच बाकांवर होते. गुजराती, मराठी, थोडी हिंदी, सगळं एकत्र चालतं. यंदा हिशेब वाचून झाल्यावर कॉमर्सला असलेली एक मुलगी उठली आणि म्हणाली, ''अंकल, रंगकामाचा खर्च दुरुस्ती फंडातही दिसतोय आणि किरकोळ खर्चातही.'' एक जुने सभासद जागच्या जागी कडाडले, ''बेटा, आधी नम्रता शीक. देवाच्या घरात असं विचारतात?'' मागून दोघातिघांचं 'आमेन' आलं. मुलगी लालबुंद झाली, पण खाली बसली नाही. आमचे खजिनदार रेल्वेतून निवृत्त झालेले, टापटिपीचे गृहस्थ. त्यांनी चष्मा लावला, रजिस्टर उघडलं आणि ''इकडे ये, तूच वाच,'' म्हणून तिला टेबलाशी बोलावलं. पावती एकच निघाली, नोंद दोनदा झाली होती. त्यांनी लाल पेनाने एक नोंद खोडली, बाजूला सही केली आणि तिच्याकडूनही सही करून घेतली. तोवर चहा गार झाला होता, सामोसे मात्र संपले होते.

याकोबाने सांगितलेलं ज्ञान मला त्या टेबलाशी दिसलं. कडाडणाऱ्या गृहस्थांना तो अख्खा अध्याय तोंडपाठ आहे, हे मी खात्रीने सांगते. वॉर्डातही हेच पाहिलं. ज्या सिस्टरला नवखी विद्यार्थिनी ''सिस्टर, डोस परत एकदा बघता का?'' असं न भिता विचारू शकायची, तिच्या ड्यूटीत आम्ही निर्धास्त असायचो. जिच्यापुढे सगळ्या थरथरायच्या, तिला कोणी काही दाखवायच्याच फंदात पडत नसे.

आणि नम्रता म्हणजे गप्प बसणं असेल, तर पंडिता रमाबाईंचं काय करायचं? त्यांनी 1883 मध्ये इंग्लंडात वाँटेजला बाप्तिस्मा घेतला आणि तिथल्याच मठातल्या सिस्टरशी पत्रांतून कडाक्याचा वाद घातला. एका पुरोहितवर्गाचं जोखड झुगारून आलेली मी दुसऱ्याचं मानेवर घेणार नाही, असा त्यांचा रोख होता. मठाला ते फारसं रुचलं नाही. हीच बाई 1900 च्या दुष्काळात, ज्याला आमच्याकडे गुजरातेत छप्पनियो म्हणतात, इथल्या उपाशी मुलींना पुण्याजवळच्या केडगावात आपल्या मुक्ती मिशन या आश्रमात आसरा देत होती. कलकत्त्याच्या पंडितांनी जिला 'सरस्वती' म्हणून गौरवलं, तिने उतारवयात हिब्रू आणि ग्रीक घेऊन बायबलचं भाषांतर केलं ते साध्या मराठीत, खेड्यातल्या बाईला कळावं म्हणून. छपाईचं कामही आश्रमातल्या बायकामुलींनीच केलं. एवढी विद्वत्ता असताना सोपं लिहायचं, ही नम्रता मला खाली मान घालून उभं राहण्यापेक्षा फार अवघड वाटते.

एक सूचना करून थांबते. मंडळीच्या हिशेबाचा कागद सभेच्या आठवडाभर आधी नोटीस बोर्डावर लावावा आणि सभेत प्रश्न विचारायची पहिली पाळी तरुणांना द्यावी. आमच्या खजिनदारांनी होकार दिला आहे. कमिटीतल्या बाकीच्यांचा विचार चालू आहे.

आपली,
एक निवृत्त परिचारिका
फतेगंज, बडोदे