भाडे घरटी, तिकीट माणशी

माननीय संपादक,

नवा चित्रपट इंटरनेटवरून घरी पाहण्याचे भाडे अवाच्या सवा असल्याची तक्रार सर्रास ऐकू येते. परंतु हे भाडे घरटी असते आणि चित्रपटगृहाचे तिकीट माणशी, हा मूळ फरक हिशेबात धरलाच जात नाही. चौघांच्या कुटुंबाला तिकिटांखेरीज जाण्यायेण्याचा आणि मध्यंतरातील खाण्याचा खर्चही सोसावा लागतो, त्यामुळे महाग वाटणारे भाडे त्यांना बहुधा स्वस्तच पडते. एकट्या राहणाऱ्या वृद्धांना मात्र तेच भाडे तिकिटाहून जड जाते, आणि त्यांचा विचार दर ठरवताना कोणी केलेला दिसत नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते.

मुदतही जाचक आहे. चित्रपट एकदा सुरू केला की तो सहसा 48 तासांत संपवावा लागतो. मध्येच घरात कोणी आजारी पडले, तर पैसे वाया. अमेरिकेत 2020 साली युनिव्हर्सल ही चित्रपटनिर्मिती कंपनी आणि एएमसी ही चित्रपटगृहांची साखळी यांच्यातील करारामुळे प्रदर्शनानंतर अवघ्या 17 दिवसांनी चित्रपट घरी देणे शक्य झाले. पूर्वी ही प्रतीक्षा सुमारे तीन महिन्यांची असे. इतक्या लवकर पाहण्यासाठी जादा दर आकारणे समजण्याजोगे आहे. परंतु काही आठवड्यांनी भाडे उतरते, ते केव्हा उतरणार हे कंपन्यांनी आधीच जाहीर करावे आणि पाहण्याची मुदत किमान आठवडाभर ठेवावी.

आपला,
एक चित्रपटप्रेमी वाचक