औषध कायद्यात आहे, खिडकीवर नाही

संपादक महोदय,

मार्चमध्ये राज्याचा अर्थसंकल्प आला की मी आरोग्याची बातमी आधी वाचतो. कुठे नवं रुग्णालय, कुठे किती खाटा, हे सगळं असतं. मानसिक आजारावरच्या औषधांसाठी किती, ही मला हवी असलेली ओळ मात्र सापडत नाही.

माझ्या धाकट्या भावाला एकोणीस वर्षांपासून स्किझोफ्रेनिया आहे. गोळ्या वेळच्या वेळी पोटात गेल्या की तो सकाळी दूध आणतो, पेपरातलं कोडं सोडवतो, क्रिकेटवरून माझ्याशी हुज्जत घालतो. दोनतीन आठवडे खंड पडला की खिडक्या लावून बसतो आणि भाजीत कुणीतरी काहीतरी कालवलंय म्हणून ताट सरकवतो. आमच्या घरापुरता सरकारी तरतुदीचा अर्थ एवढाच आहे.

गेल्या पावसाळ्यात एका सरकारी रुग्णालयात औषधाच्या खिडकीवरून केसपेपर परत आला. ‘दोन नंबरची गोळी शिल्लक नाही, बाहेरून घ्या.’ मला पेन्शन आहे, मी घेतली. माझ्यामागे वेल्ह्याच्या बाजूच्या एक मावशी उभ्या होत्या, तरण्या मुलाला घेऊन पहाटेच्या एसटीने आलेल्या. दोघांचं भाडं गेलं, दिवसाची मजुरी बुडाली आणि हातात पडल्या पंधरा दिवसांच्या गोळ्या, त्याही अर्ध्याच. म्हणाल्या, “पुढच्या खेपेला हा गाडीत बसला तर येते.” त्या परत दिसल्या नाहीत.

मावशींना जे नाकारलं गेलं तो त्यांचा हक्क होता. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ साली झाला, मे २०१८ पासून लागू आहे. त्याचं कलम १८ सांगतं की अत्यावश्यक औषधांच्या यादीतली मानसिक आजारावरची औषधं सरकारी दवाखान्यांत, आपल्याकडच्या ग्रामीण रुग्णालयापासून वरच्या सगळ्या ठिकाणी, सदैव मोफत मिळाली पाहिजेत. सदैव, म्हणजे साठा असेल तेव्हा नव्हे. त्याच कलमात पुढे सरकारने त्यासाठी पुरेशी आर्थिक तरतूद करावी असंही आहे, आणि ‘पुरेशी’ म्हणजे महागाई भरून निघेल इतकी, हा खुलासाही कायद्यानेच केलेला आहे. इतकं स्पष्ट लिहूनही खिडकीवरचा कर्मचारी खांदे उडवतो, त्यात त्या बिचाऱ्याचा तरी काय दोष?

पुण्यात ‘याला येरवड्याला पाठवा’ ही अजूनही चेष्टा आहे. मीही तरुणपणी केली असेल. येरवड्याच्या मनोरुग्णालयात २५४० खाटांची क्षमता. ठाणे, नागपूर, रत्नागिरी धरून राज्यात अशी चार प्रादेशिक मनोरुग्णालयं. ती हवीतच. पण रुग्ण तिथे काही आठवडे राहतो आणि नंतरची वर्षं घरी काढतो. त्या वर्षांसाठी जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९९६ पासून आहे, आणि तो चालतो कंत्राटी माणसांवर. कंत्राट संपलं की समुपदेशक बदलतो, आणि एकोणीस वर्षांची कहाणी पुन्हा पहिल्यापासून सांगायची. घर नाही, केवळ एवढ्यासाठी कुणाला मनोरुग्णालयात ठेवता येणार नाही, असं कलम १९ म्हणतं. बाहेर आधारगृहं उभारणं सरकारवर बंधनकारक आहे. प्रत्यक्षात बरे झालेले रुग्ण आत अडकून राहतात म्हणून मानसोपचारतज्ज्ञ डॉ. हरीश शेट्टी यांना मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका करावी लागली.

खर्च नेमका किती होतो, हे सामान्य माणसाला कळायची सोयही नाही. ससून वैद्यकीय शिक्षण विभागाचं, औंधचं जिल्हा रुग्णालय आणि येरवडा सार्वजनिक आरोग्य विभागाचं, वस्तीतले दवाखाने महापालिकेचे. आजार एक, तिजोऱ्या तीन. निम्हान्स या बंगळुरूच्या मानसिक आरोग्य संस्थेचं २०१५-१६ चं राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण सगळे सांगतात, पण ते बारा राज्यांत झालं आणि त्यात महाराष्ट्र नव्हता.

१४४१६ ही मानसिक आरोग्यासाठीची सरकारी टेलिमानस हेल्पलाइन चांगली आहे, रात्री दोन वाजता कुणी तरी बोलतं हे काही कमी नाही. पण फोनमधून गोळी येत नाही. आणि १० ऑक्टोबरच्या, जागतिक मानसिक आरोग्य दिनाच्या फलकांवरचा खर्च थोडा कमी झाला तरी आम्हा कुटुंबीयांची हरकत नाही!

आमदारांनी अधिवेशनात एवढंच मागावं. तिन्ही खात्यांचा मानसिक आरोग्यावरचा खर्च एका तक्त्यात द्या: मंजूर किती, खर्च किती, त्यातला औषधांवर किती, जिल्हावार. आणि प्रत्येक ग्रामीण रुग्णालयाच्या दारावर या औषधांचा त्या महिन्याचा साठा लिहा. वेल्ह्याहून निघण्याआधी कुणाला तरी फोन करून तो विचारता येईल.

एक वाचक, धनकवडी, पुणे

(नाव छापू नये ही विनंती. भावाची हरकत नाही, मी त्याला विचारलं. पण मुलीचं लग्न जमवायचं चाललंय.)