नुसता बर्फ नाहीये रे तिथे

प्रिय सुन्या,

परवा फोनवर तू म्हणालास ना, अलास्काच्या त्या टोकाला आहेच काय, ओसाड बर्फ, तेल मिळतंय तर काढू देत की! तेव्हा घरात पाहुणे होते म्हणून नीट बोलता आलं नाही, पण ते डोक्यातून जाईना, म्हणून आता लिहूनच काढतो.

अरे, ते टोक म्हणजे आर्क्टिक नॅशनल वाइल्डलाइफ रेफ्यूज, वन्यप्राण्यांचं अभयारण्य, आपल्या महाराष्ट्राच्या पाव हिश्श्याएवढा मुलूख. १९६० साली राखीव केला, १९८० मध्ये आणखी वाढवला. आम्ही जूनमध्ये छोट्या विमानाने गेलो, कोंगाकुट नदीच्या काठी तंबू ठोकला, रात्र अशी नाहीच, आणि पलीकडून कॅरिबू, म्हणजे तिकडची रेनडियर हरणं, यायला लागले ते संपेचनात. पोर्क्युपाइन कळप म्हणतात त्याला, २०१७ च्या मोजणीत दोन लाखांच्या वर भरला होता. चालताना त्यांच्या पायातून टिक टिक आवाज येतो, घोट्यातला स्नायूबंध हाडावरून सरकतो त्याचा. हजारो पायांचा तो आवाज एकदम ऐकलास तर अंगावर काटा येईल तुझ्या.

आता मुद्द्याचं. तेल काढायचं म्हणतात ती जागा म्हणजे समुद्रालगतचा सपाट पट्टा, १५ लाख एकर, आणि नेमक्या तिथेच या कॅरिबूंच्या माद्या वितात. का, तर लांडगे आणि तपकिरी अस्वलं डोंगराकडे जास्त, इथे कमी, कापूसगवत नुकतंच फुटलेलं असतं त्यामुळे दूध भरपूर, आणि पुढे डासांचा मारा सुरू झाला की समुद्राचा वारा असतो. ज्या वर्षी बर्फ उशिरा वितळतो त्या वर्षी माद्या तिथवर पोचत नाहीत, वाटेतच वितात आणि पिल्लं जास्त दगावतात. मग तिथे रस्ते, पाइपलाइन, ट्रक आले तर त्यांनी जायचं कुठे, उत्तरेला तर समुद्रच आहे! तिथले आदिवासी ग्विचिन लोक हजारो वर्षं याच कळपावर जगतायत, पण तो पट्टा त्यांना इतका पवित्र की तिथे शिकारीला जात नाहीत. आणि २०१७ मध्ये अमेरिकेने टॅक्सच्या कायद्यात कलम घुसवून तोच पट्टा तेलासाठी खुला केला, मला याचा खरंच संताप येतो.

ओसाड म्हणणारे अमेरिकेतही होतेच. आपल्या बंगालचा फोटोग्राफर शुभंकर बॅनर्जी तिथे सगळ्या ऋतूंत राहिला, थंडीतही, आणि त्याचे फोटो २००३ साली अमेरिकेच्या सिनेटमध्ये दाखवले गेले. ते बघच तू, हिवाळ्यात बर्फाखाली गुहा करून पिल्लं देणारी पांढरी अस्वलं याच किनाऱ्यावरची.

बघून झाले की फोन कर, या वेळी निवांत बोलू. काकूंना नमस्कार सांग.

तुझा,
मंदार